‘आधी दहा दिवस कुत्रा बघा, मग इंजेक्शनचं बघू’

घरच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरणारा एक संदेश आहे. त्याचा सारांश असा: कुत्रा चावला तर घाबरू नका. जखमेवर तिखट किंवा चुना भरा, विष जळून जातं. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा. जगला तर इंजेक्शन नको. कुत्रा पाळलेला, लस दिलेला असेल तर प्रश्नच मिटला. नुसता ओरखडा असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन पुरे. उगाच दवाखान्यात गेलात तर बेंबीभोवती चौदा सुया टोचतील.

यातलं दहा दिवसांचं वाक्य सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे.

‘दहा दिवस थांबा’

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो तो आजाराच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, मेंदूपर्यंत पोचल्यावर. लाळ संसर्गजन्य झाली की तो कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. म्हणून चाव्यानंतर दहा दिवसांनीही कुत्रा ठणठणीत असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. लस पुढे चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवण्यासाठी हा नियम आहे. ती सुरू करायची की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. पहिला डोस चावला त्याच दिवशी घ्यायचा.

थांबल्याने काय बिघडतं? चाव्यातून शिरलेला विषाणू काही काळ जखमेच्या आसपास स्नायूत असतो, मग नसेत शिरतो आणि नसेच्या आतून मेंदूकडे सरकतो. एकदा नसेत शिरला की रक्तातली प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) त्याला गाठू शकत नाहीत. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिद्रव्यं तयार व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, पण चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांवर असेल तर फार लवकरही दिसू शकतात. लहान मुलांना नेमकं तिथेच चावलेलं असतं, कारण त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं. लक्षणं सुरू झाल्यावर रोगी वाचणं जवळजवळ अशक्य.

आणि थांबून वाचतं तरी काय? सरकारी दवाखान्यांत लस ० (म्हणजे पहिला डोस), ३, ७ आणि २८ या दिवशी देतात. दहावा दिवस उजाडतो तेव्हा तीन खेपा झालेल्या असतात. वाचली तर एक खेप वाचेल.

शिवाय लक्ष ठेवायचं कुणी? गल्लीतला कुत्रा चौथ्या दिवशी दिसेनासा झाला, तर तो पिसाळलेलाच होता असं धरून उपचार पूर्ण करावे लागतात. दहा दिवसांचा नियम फक्त कुत्र्या-मांजरांचा आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांना तो लागू नाही. ‘पिसाळलेला कुत्रा बघताक्षणी कळतो’ हाही भ्रमच. काही कुत्रे अंगावर धावून येत नाहीत. कोपऱ्यात गप्प पडून राहतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकलं असेल म्हणून कुणीतरी त्याच्या तोंडात हात घालतो.

‘तिखट, चुना, हळद भरा’

रेबीज म्हणजे जळून जाणारं विष नव्हे. तिखट आणि चुना मांस पोळवतात आणि विषाणूला नसेची वाट मोकळी करून देतात. वर लेप बसला की जखम धुतलीही जात नाही. हे सगळं टाळून जे करायचं ते फुकटात होतं: नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुणं. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. १५ मिनिटं घड्याळ लावून मोजा. माणसं दोन मिनिटांत हात आवरतात. जखम खोल असेल तर पाणी आतपर्यंत जाऊ द्या. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. घट्ट पट्टी नको. टाकेही शक्यतो नकोत. घालावेच लागले तर जखमेत सीरम (तयार प्रतिद्रव्यांचं औषध) भरल्यानंतर, मोजके आणि सैल. कपड्यावरून चावला असेल तर कापड बाजूला करून कातडी तपासा.

‘लस दिलेला कुत्रा आहे’

लस कधी दिली, ती टोचेपर्यंत सतत थंड ठेवली होती का, पुढचा डोस चुकला का, हे कार्डावरून पूर्ण कळत नाही. घरच्या कुत्र्याने लस घेतली म्हणून माणसाचे उपचार रद्द होत नाहीत. त्याचा उपयोग एवढाच, की दहा दिवस बघायला तो घरात असतो.

‘ओरखडाच आहे, टीटी पुरे’

इथे घोटाळा फार. टीटी धनुर्वातासाठी, रेबीजसाठी तिचा काडीचा उपयोग नाही. ‘कुत्र्याचं इंजेक्शन झालं’ म्हणून माणूस घरी येतो आणि चिठ्ठीवर फक्त टीटी असते. अँटी-रेबीज लस दिली का, हा प्रश्न तोंडाने विचारा.

धोक्याचे तीन वर्ग आहेत. पहिला: कुत्र्याला हात लावला, खाऊ घातलं, धड कातडीवर त्याने चाटलं. धुवा, लस नको. दुसरा: रक्त न आलेला ओरखडा किंवा उघड्या कातडीवर हलकं कुरतडणं. धुवा आणि लस घ्या. तिसरा: रक्त आलेला चावा किंवा ओरखडा, आधीच्या जखमेवर चाटणं, डोळ्यात-तोंडात लाळ जाणं, रानटी प्राण्याचा चावा. इथे लस पुरत नाही, सीरमही हवं. घरातला उंदीर चावला तर सहसा रेबीजची लस लागत नाही.

सीरम म्हणजे तयार प्रतिद्रव्यं. लशीचा परिणाम दिसेपर्यंतच्या दिवसांत ती जखमेतच विषाणूला अडवतात. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम वजनाच्या किलोमागे ४० युनिट, मानवी २० युनिट. १५ किलोच्या मुलाला घोड्याचं सीरम ६०० युनिट. मिलीलीटरला ३०० युनिटची कुपी असेल तर २ मिली. ते जखमेत आणि जखमेभोवती भरायचं असतं. दंडात टोचून जखम कोरडी सोडली तर मुख्य काम झालंच नाही. जखमा अनेक असतील तर सलाइनमध्ये पातळ करून प्रत्येक जखमेत पोचवतात. पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही, तर पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत चालतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिद्रव्यं आलेली असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिद्रव्यंही काढली आहेत. त्यांची मात्रा किलोमागे ३.३३ युनिट.

‘पोटात चौदा सुया’

ही भीती एका जुन्या लशीची आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली सेंपल लस पोटावर टोचत, रोज एक, दहा-चौदा दिवस. दुखायची, आणि क्वचित मज्जासंस्थेवर उलटायची. भारतात तिचं उत्पादन २००४ साली थांबलं. आजी-आजोबांच्या आठवणीत ती आहे, दवाखान्यात नाही.

आता कातडीत टोचायची पद्धत असेल तर प्रत्येक खेपेला दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिली; चार खेपांत सगळं मिळून ०.८ मिली. टोचल्यावर मुगाएवढा फुगवटा दिसायला हवा, नाही दिसला तर सुई खोल गेली. स्नायूत टोचायची असेल तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी पूर्ण कुपी, मोठ्यांना दंडात, तान्ह्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही. तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस चालते. आंबट-तिखटाचं पथ्य नाही.

हा कोर्स आधी कधी पूर्ण झाला असेल, तर पुन्हा चावल्यावर ० आणि ३ या दिवशीचे दोनच डोस लागतात, सीरम लागत नाही. पण त्यासाठी डॉक्टरांना कागद दाखवावा लागतो. लशीचं कार्ड आधारकार्डाच्या शेजारी ठेवा, आणि सगळ्या तारखांवर शिक्का बसलाय का ते बघून घ्या.