कडवे वाल आणि रेवदंड्याची मशीद

इस्रायलमधल्या बेर शेवाच्या भाजीबाजारात मी आईशी फोनवर बोलत उभी होते. नवऱ्याच्या संशोधनामुळे आम्ही वर्षभर तिकडे राहायला होतो. श्रावण तोंडावर आला होता आणि मला बिरड्याची आठवण येत होती. "इथं वाल कुठले मिळायला," असं आईला सांगत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मिळतात गं. चांगले हवेत तर दिमोनाला ये."

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. रेवदंड्याच्या. लहानपणी आईवडिलांबरोबर बोटीने गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. मी पेणची म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "मग आमची मशीद बघितली असशील ना? अजून उघडतात का गं ती?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. आजी सिनेगॉगबद्दल, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबद्दल विचारत होत्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, त्याला मशीदच म्हणत आले. रेवदंड्याचं 'बेथ एल' १८४२ सालचं. माझ्या मावशीचं घर रेवदंड्याला, शाळेत असताना मे महिना मी तिथेच काढायचे. किल्ला पाहिला, समुद्रात डुंबले, नारळाच्या वाड्या पालथ्या घातल्या. त्या इमारतीत मात्र एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आजींना हे सांगताना मला फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात दिमोनाला गेले. नेगेवच्या वाळवंटातलं हे गाव १९५० च्या दशकात वसवलेलं. बाहेरून येणाऱ्या ज्यूंना सरकार अशा नव्या गावांत पाठवायचं, तशी आपल्याकडची बरीच कुटुंबं तिथे पोचली. आजींनी वाल भिजत घातले होते, त्यांना मोड आले होते. सोलायला मीही बसले. मला वाटलं, माझ्यासाठीच चाललंय. तर त्या म्हणाल्या, "उद्याचा उपास सोडायला लागतील ना. बिरड्याचा सण आहे."

जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये पाडलं. त्या शोकाचा हा उपास, हिब्रूत तिशा बेआव. जगभरचे ज्यू तो पाळतात. पण कोकणात तो वालाच्या बिरड्यावर सोडतात, म्हणून त्याचं नाव बिरड्याचा सण. आजींच्या लहानपणी तो केळीच्या पानावर जेवून सुटायचा. मग त्यांनी बाकीच्या सणांची नावं सांगितली: नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण. दार फाळणीचा म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी दारं लावून घेऊन घरात उपास करायचा. ही नावं पुस्तकातून आलेली नाहीत. शतकानुशतकं हिब्रू जवळजवळ विसरलेल्या लोकांनी आपले सण स्वयंपाकघरातून आणि दाराच्या कडीतून लक्षात ठेवले. मी वाल सोलत ऐकत होते आणि मला राहून राहून वाटत होतं, हे मला पेणमध्येच कळायला हवं होतं.

बेने इस्रायलींची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. वंशजांनी तेलाचा घाणा धरला, शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तो बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली: रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, पेणकर, नवगावकर. इतपत आपल्यातल्या अनेकांनी कधीतरी वाचलेलं असतं.

मला आवडते ती दाविद राहाबीची गोष्ट. त्याचा काळ कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गोष्ट अशी की हा परका ज्यू कोकणात आला, शनिवार पाळणारे लोक त्याने पाहिले आणि हे आपलेच असावेत असं त्याला वाटलं. खात्री करायला त्याने बायकांना मासळी आणून दिली, खवल्यांची आणि बिनखवल्यांची एकत्र. बायकांनी बिनखवल्यांची वेगळी काढली. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या. ज्यूंच्या धर्मशास्त्रात पर आणि खवले असलेलीच मासळी चालते. 'शेमा' ही प्रार्थना त्यांना येत होती, बाकी पुष्कळसं विसरलं होतं. मग राहाबीने त्यांना शिकवायला घेतलं.

प्रवासाला निघालेल्या माणसाने कसं बघावं, हे मी या गोष्टीतून शिकले. तो चुलीपाशी गेला, मासळी निवडणारे हात बघितले आणि मग बोलला.

याच्या अगदी उलट अनुभव याच लोकांना इस्रायलमध्ये आला. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्रायलींचं इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांची वंशावळ तपासावी. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला. लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. आजी तेव्हा तरुण होत्या. त्या विषयावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आम्हाला कोकणात कुणी विचारलं नव्हतं, तुम्ही कोण म्हणून."

हे वाक्य ऐकून माझी छाती फुगली होती, हे कबूल करते. "आमच्याकडे ज्यूंचा कधी छळ झाला नाही" हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण विचारलं नाही ते आपलं मानलं म्हणून, की तेवढी चौकशीच केली नाही म्हणून? माझ्यापुरतं उत्तर मला ठाऊक आहे. १८७४ साली पुण्यात ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणाची (पासोव्हरची) पोथी मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. मी पुण्यात सहा वर्षं शिकले, लाल देवळावरून, म्हणजे तिथल्या सिनेगॉगवरून रोज गेले, आणि मला या पोथीबद्दल तिशीनंतर कळलं.

आज देशात ज्यू पाच हजारांच्या आत आहेत. जे उरलेत त्यांना भेटल्यावर आपला पहिला प्रश्न इस्रायलचं युद्ध किंवा मोसाद हा असतो. हे मला मनापासून खटकतं. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या माणसाला त्याच्या गावाबद्दल विचारा, मलिद्याबद्दल विचारा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नावी या प्रेषिताचं नाव. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात हे ताट मांडतात. आपल्या सत्यनारायणाच्या प्रसादाइतकं ते या मातीतलं आहे.

सिनेगॉग बघायला जाणार असाल तर शनिवार टाळा, आधी कळवा, ओळखपत्र जवळ ठेवा. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून बंदोबस्त असतो. त्याचा राग मानू नका. डोकं झाका, फोटो विचारून काढा.

परतल्यावर मी पहिल्यांदा रेवदंड्याला गेले. राखणदारांनी दार उघडलं. मी तिथूनच आजींना फोटो पाठवले. संध्याकाळी त्यांच्या नातीने आवाजी निरोप पाठवला. नात हिब्रूतच बोलते, मधून आजींचा मराठी आवाज, "अगं, बाक तेच आहेत गं, तेच!" आणि मग बराच वेळ नुसता श्वास.

शेवटी त्यांनी एकच मागितलं आहे. तिकडचे वाल कडवे नसतात, बिरड्याला ती चव येत नाही म्हणाल्या. दोन किलो कडवे वाल आईने उन्हं दाखवून भरून ठेवलेत. बिरड्याच्या सणाआधी कुणी बेर शेवा किंवा दिमोनाच्या बाजूला जाणार असेल तर कृपया मला कळवा.