मुंबईचं मिरची देशातलं पहिलं खाजगी एफएम? नाही हो!

एक फॉरवर्ड फिरतोय, की देशातलं पहिलं खाजगी एफएम स्टेशन म्हणजे मुंबईचं रेडिओ मिरची आणि ते १९९३ पासून चालू आहे. दोन्ही चूक. १९९३ ला आकाशवाणीने स्वतःच्याच एफएमवरचे तास खाजगी कंपन्यांना विकायला काढले, त्यात टाइम्स एफएम होतं, म्हणजे ट्रान्समीटर सरकारी आणि कार्यक्रम-जाहिराती खाजगी, आणि हा प्रकार १९९८ ला बंद पडला. मिरचीपण टाइम्सचंच, बहुतेक तिथूनच हा घोळ झालाय.

स्वतःच्या लायसन्सवरचं पहिलं खाजगी स्टेशन बेंगळुरूचं रेडिओ सिटी, जुलै २००१. मिरचीची सुरुवातसुद्धा मुंबईत नाही तर इंदूरला झाली, ऑक्टोबर २००१ मध्ये, मुंबईचा नंबर २००२ ला लागला (तेव्हा मुंबईत गो ९२.५ आणि विन ९४.६ ही स्टेशनंपण होती, आठवतंय का कुणाला?).

आणि त्याच फॉरवर्डमध्ये लिहिलंय की "विन स्टेशन लोकांनी ऐकलं नाही म्हणून बंद पडलं", तर तेही इतकं सरळ नाहीये, त्या वेळची लायसन्स फी ठरलेली असायची आणि दरवर्षी १५ टक्के वाढायची, कमाई होवो न होवो, त्यामुळे सगळीच स्टेशनं रडत होती, शेवटी २००५ मध्ये सरकारने उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशोब आणला.