“लंडनात फुकट फक्त हवा मिळते” म्हणे

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. माहेरच्या, सासरच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या. “लंडनला जाणार असाल तर हे वाचाच” असं वर लिहिलेलं, मग सात-आठ लाल ठिपके. थोडक्यात असं की माणशी रोज तीनशे पाउंड नसतील तर जाऊच नका, म्युझियमला तीस-तीस पाउंड तिकीट, वरनं शहर बघायचं तर लंडन आयचा मोठा पाळणा किंवा शार्डची उंच इमारत यांच्याशिवाय पर्याय नाही, फिरायला रोज ती उघड्या टपाची टुरिस्ट बसच घ्यावी लागते, चर्चमध्ये जायला सुद्धा तिकीट, पाणी आणि टॉयलेटला पैसे, आणि एवढं करून आपल्या माणसाला तिथं बघण्यासारखं काय आहे? शेवटी “लंडनात फुकट फक्त हवा मिळते.” माहेरच्या ग्रुपवर तो आमच्या काकांनी टाकला आणि खाली एकवीस अंगठे.

मी मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन बारा दिवस लंडनला होते. आई अडुसष्ट वर्षांची, आम्ही साताऱ्याचे, बजेट म्हणजे खरंच बजेट. म्हणून म्हणलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी जे खरं आहे ते मान्य करते. विमान, व्हिसा आणि झोपायची जागा याला पैसे लागतातच, आणि लंडनातली हॉटेलं भयंकर महाग आहेत. आम्ही वेंबलीला माझ्या मामेबहिणीकडे राहिलो म्हणून वाचलो, ही सोय सगळ्यांना नसते हे मला कळतं. ती नसेल तर होस्टेलं असतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काही कॉलेजं आपल्या होस्टेलच्या खोल्या बाहेरच्यांना देतात, त्या हॉटेलपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. पण फॉरवर्ड हॉटेलबद्दल बोलतच नाहीये, तो म्हणतोय की शहरच पैसेवाल्यांचं आहे. त्याची यादी नीट बघा, त्यातलं प्रत्येक नाव कुणीतरी तिकीट विकायला ठेवलेलं आहे. ते लंडन नाही, ते लंडनच्या तिकीट खिडकीवरचं रेटकार्ड आहे.

“म्युझियमला माणशी तीस पाउंड.” हे तर साफ खोटं. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांना उघडलं तेव्हापासून, १९७४ मधले काही महिने सोडले तर, प्रवेश फुकट आहे. नॅशनल गॅलरी फुकट, टेट मॉडर्न फुकट. साउथ केन्सिंग्टनची तीन मोठी म्युझियमं, म्हणजे नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, यांना मधली काही वर्षं तिकीट होतं पण डिसेंबर २००१ पासून तेही गेलं. पैसे लागतात ते फक्त खास तात्पुरत्या प्रदर्शनांना. मग लोक तीस पाउंड कुठून आणतात? माझा अंदाज असा की दारात एक चकचकीत डोनेशनची पेटी असते, त्यावर “पाच पाउंड द्या” असं सुचवलेलं असतं, आणि ऑनलाइन फुकट वेळ बुक करताना सुद्धा मध्येच डोनेशनचं पान येतं. ते ऐच्छिक आहे. आई मात्र एक पाउंड टाकल्याशिवाय कुठल्याच दारातून आत गेली नाही, “देवळात नाही का टाकत आपण” म्हणे. ते वेगळं.

आणि जे फुकट ते दुय्यम असं वाटत असेल तर ऐका. ज्याच्यामुळं इजिप्तची चित्रलिपी वाचता आली तो रोझेटा स्टोन फुकट. व्हॅन गॉगची सूर्यफुलं फुकट. ब्रिटिश लायब्ररीत मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी ती जुनी सनद, फुकट. नॅचरल हिस्टरीच्या मोठ्या हॉलमध्ये पंचवीस मीटर लांब निळ्या देवमाशाचा सांगाडा डोक्यावर टांगलाय, त्याच्याखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघा, कुणी काही मागत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये रोममधल्या ट्राजनच्या स्तंभाची प्लॅस्टरची पूर्ण मापाची प्रत आहे, ती एवढी उंच की छतात मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभी केलीय. मी ते बघून हसत सुटले, कारण आमच्या घरी फ्रिज आणताना असंच झालं होतं.

याच म्युझियमचं साताऱ्याशी नातं आहे हे इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती वाघनखं, जी जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली, ती इथलीच. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, होता ना ग्रँट डफ, त्याच्याकडून ती त्याच्या घराण्यात गेली आणि मग या म्युझियमला मिळाली. अफझलखानाच्या वेळची तीच का, याची खात्री म्युझियम स्वतःही देत नाही. पण आई साताऱ्यात गर्दीतनं बघून आलेली, त्यामुळं इथं आल्यावर तिचा चेहरा असा की जणू कुणाच्या तरी सासरी आलोय. मधल्या चौकात उथळ पाण्याचं तळं आहे, पोरं त्यात पाय बुडवून खेळत असतात. आम्हीही चपला काढून तिथं तासभर बसलो. खर्च शून्य.

“वरनं बघायचं तर शार्ड नाहीतर लंडन आय.” शहराच्या मध्यात बिशप्सगेटला होरायझन २२ म्हणून जागा आहे, २०२३ ला उघडली, ५८वा मजला, साधारण २५४ मीटर उंची, फुकट. शार्डची गच्ची साधारण तेवढ्याच उंचीवर आहे आणि तिथं घसघशीत तिकीट आहे. शिवाय फेनचर्च स्ट्रीटच्या उंच इमारतीवरचा स्काय गार्डन, तोही फुकट. एकच अट, आधी ऑनलाइन बुक करायचं, आणि वीकेंडच्या वेळा पटापट जातात, त्यामुळं मंगळवार-बुधवार बघा. लिफ्टमध्ये आईचे कान बंद झाले, वर गेल्यावर टॉवर ब्रिज खेळण्यासारखा दिसला आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, “एवढ्या काचा पुसतं कोण?” बुकिंगची कटकट नको असेल तर प्रिमरोझ हिल, नुसती गवताची टेकडी, संध्याकाळी लोक चादर टाकून बसलेले असतात आणि सगळं शहर समोर. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, आणि म्युझियमं सहाच्या सुमारास बंद होतात, त्यामुळं संध्याकाळ टेकडीची.

आता बसचं. इथं फॉरवर्ड लिहिणारा बहुतेक कधी लंडनच्या साध्या बसमध्ये चढलेलाच नाही. टुरिस्ट बसला दिवसाला चाळीस पाउंडांच्या आसपास जातात. साध्या लाल डबलडेकरला आम्ही गेलो तेव्हा १.७५ पाउंड होते, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास, आणि त्यात बसमधल्या यंत्राला पहिल्यांदा बँकेचं किंवा प्रवासाचं कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसा बदला, परत पैसे कापत नाहीत. दिवसभर नुसत्या बसनंच फिरलं तर तेव्हा ५.२५ च्या वर कापतच नव्हते. पंधरा नंबर पकडा, टॉवर ऑफ लंडनपासून सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड करत ट्राफल्गर स्क्वेअर. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली की झालं, टुरिस्ट बसचाच रस्ता, फक्त कानात कॉमेंट्री नाही, आणि आई असल्यावर ती कमी पडत नाही.

दोन-तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. बसमध्ये रोख चालत नाही, २०१४ पासून बंद आहे. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं नाही. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं, ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, चढताना आणि उतरताना दोन्हीकडे, विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापतात आणि मग तुम्हीही असे फॉरवर्ड लिहायला लागाल. अकरा वर्षांखालच्या पोरांना बस फुकट आहे. विमानतळावरून येताना एक्स्प्रेस ट्रेनच्या जाहिराती दिसतात, त्या सोडा, ट्यूबची पिकॅडिली लाइन त्याच्या चौथाईच्या आसपास पैशात शहरात आणते, फक्त वेळ जास्त आणि बॅगा आपल्या आपण सांभाळायच्या.

थेम्सवर बोटीत बसायची हौस असेल तर पूर्वेला वूलिचची फेरी १८८९ पासून फुकट आहे. पाच-दहा मिनिटांची, त्यातनं राजवाडा-बिजवाडा काही दिसत नाही, मालाचे ट्रक असतात शेजारी. तरी नदी ती नदी. जवळच ग्रिनिच, तिथं वेधशाळेच्या आत शून्य रेखावृत्तावर फोटो काढायला तिकीट, आणि तीच रेषा बाहेरच्या पायवाटेवर भिंतीलगत खुणा करून पुढं गेलीय, तिथं फुकट. आम्ही अर्थातच बाहेर.

“चर्चमध्ये जायला तिकीट.” अर्धं खरं. वेस्टमिन्स्टर ॲबीला तीसच्या आसपास, सेंट पॉल्सला थोडं कमी, ते फिरून बघायला. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला, ज्याला इव्हनसाँग म्हणतात, कुणालाही आत घेतात आणि पैसे घेत नाहीत. आम्ही सेंट पॉल्सला गेलो. फोटो काढायचे नाहीत, इकडं तिकडं हिंडायचं नाही, गप बसायचं. पोरांचा कोरस सुरू झाला आणि तो आवाज घुमटात जाऊन परत खाली येईपर्यंत पुढची ओळ आलेली असते, असं एकावर एक. आई डोळे मिटून बसली होती, बाहेर आल्यावर म्हणाली, काकड आरतीला असंच होतं मला. पण हे म्हणजे तिकीट चुकवायची युक्ती समजून जाऊ नका. ती लोकांची पूजा आहे, त्या वेळात आपण पाहुणे.

पाणी-टॉयलेट पटकन. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या हॉटेलात मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, आणि नळाचं पाणी पिण्याजोगंच असतं. युस्टन, पॅडिंग्टनसारख्या मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची टॉयलेटं २०१९ पासून फुकट आहेत. म्युझियमांत तर आहेतच. उलट खरी फसगत कुठं होते सांगू? एका बागेत सुंदर पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, आई जाऊन ऐसपैस बसली, आणि मग कळलं की त्या भाड्याच्या. गवत फुकट, खुर्ची नाही. आणि “फ्री वॉकिंग टूर” नावालाच फ्री असते, शेवटी टिप द्यावी लागते, तेव्हा ती फुकटच्या यादीत धरू नका.

“आपल्या माणसाला तिथं काय आहे?” या ठिपक्याचा मला खरा राग आला. वेंबलीहून युस्टनला जाणारी १८ नंबरची बस हॅरो रोडनं जाते, तिथं मध्ये उतरून लिटल व्हेनिसच्या कालव्याकडं चालत गेलं की १०, हाउली प्लेस. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथं राहिले, भिंतीवर निळी पाटी आहे. हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, ते इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांचं तेव्हाचं होस्टेल, तिथं सावरकरांच्या नावाची पाटी. आणि मी वर सांगितलेल्या प्रिमरोझ हिलच्या अगदी जवळ १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथं राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं आणि आता तिथं स्मारक आहे, प्रवेश फुकट, जायच्या आधी उघडण्याच्या वेळा तेवढ्या बघून घ्या.

रस्ता शांत, एकसारखी घरं, बाहेरून वाटतच नाही. आत जिना चढताना आई मध्येच थांबली. मला वाटलं गुडघा. तर म्हणाली, “हा माणूस इथनं रोज चालत लायब्ररीत जात असेल का गं, बसचे पैसे वाचवायला?” मला माहीत नाही. पण बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसायचे आणि तेव्हा हातात पैसा फार नसायचा, हे त्यांच्या चरित्रांत वाचलेलं आहे. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली ती याच शहरात. आणि काका म्हणतायत माणशी तीनशे पाउंड.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या तुकड्यांत टाकलं. अंगठे आले सहा. काकांनी दोन तासांनी एवढंच विचारलं, “ते ठीक आहे, पण चहा केवढ्याला पडतो?”

साडेतीन-चार पाउंड, काका. आणि तोही पाणचट. आम्ही मामेबहिणीकडनं थर्मास भरून न्यायचो.