‘परिषदेतून मिळते फक्त पिशवी आणि प्रमाणपत्र’: हे कितपत खरं?

विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्यावसायिक परिषदांना जाणं म्हणजे वेळ आणि पैसा वाया घालवणं. दोन दिवस भाषणं ऐकून कुणी शिकवायला शिकत नाही. तिथे सांगतात ते सगळं इंटरनेटवर असतं. विद्यार्थ्याकडे मांडण्यासारखं काही नसतं. वर विक्रेत्यांचा बाजार. तेव्हा जायचंच असेल तर नोकरी लागल्यावर जा. यातला दोन दिवसांच्या भाषणांचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच.

‘दोन दिवसांत शिकवणं सुधारत नाही’

मान्य. शिक्षक-प्रशिक्षणावरच्या तेराशेहून अधिक अभ्यासांचा एक आढावा २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पुराव्याच्या निकषांवर त्यातले फक्त ९ अभ्यास टिकले. त्यांतही प्रशिक्षण १४ तासांहून जास्त होतं तिथेच मुलांच्या प्रगतीत फरक दिसला. कौशल्य हातात बसायला सराव लागतो आणि आपला तास बघून चुका सांगणारं कुणीतरी लागतं. परिषद हे देत नाही. पण ती त्यासाठी असतेच कुठे? क्षेत्रात काय चाललंय, कशावर वाद आहे, कोणती पद्धत मागे पडली, हे एका छताखाली कळावं म्हणून ती भरते. सराव पाठाची अपेक्षा परिषदेकडून करायची आणि मग ती नापास ठरवायची, हा हिशेबच चुकीचा.

‘सगळं इंटरनेटवर आहे’

भाषणं असतात, खरं आहे. यंत्रं मात्र हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं संवादयंत्र घ्या. व्हिडिओत मूल पडद्याकडे बघतं आणि शब्द उमटतो. प्रत्यक्षात पडदा डोळ्यांपासून साधारण ६० सेंटीमीटरवर आणि डोळ्यांच्या पातळीत लागतो. आधी पडद्यावरच्या ठिपक्यांकडे एकेक करून बघत कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे यंत्राला त्या नजरेची ओळख करून द्यावी लागते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर त्यातल्या इन्फ्रारेडमुळे कॅमेरा गोंधळतो, चष्म्याची काच चमकली की नजर हरवते. प्रदर्शनातला माणूस यंत्र चालवून दाखवतो तेव्हा तो ताठ बसलेला असतो. त्याला सांगा, ‘मी मान एका बाजूला कलती ठेवून बसतो, आता चालवून दाखवा.’ सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाला ते यंत्र कितपत उपयोगी पडेल, याचा अंदाज तिथल्या तिथे येतो. संगणकावरचा मजकूर बोटाखाली उठणाऱ्या बिंदूंनी वाचून देणाऱ्या ब्रेल डिस्प्लेचंही तसंच. कागदावरच्या ब्रेलमध्ये एका घरात सहा बिंदू असतात, डिस्प्लेवर आठ, आणि खालचे दोन बहुधा कर्सर कुठे आहे ते दाखवतात. बोटाखाली ते उठताना जाणवले की वाचून डोक्यात न शिरलेली गोष्ट झटकन कळते.

आणखी एक. विशेष शिक्षक पुष्कळदा आख्ख्या शाळेत एकटाच असतो. वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पालक आणि स्वतः अपंगत्व असलेले प्रौढ एकाच सत्रात एकमेकांना खोडून काढताना बघणं ही संधी त्याला पुढे क्वचितच मिळते.

‘विद्यार्थ्याकडे मांडण्यासारखं काय असतं?’

सराव पाठांत एका मुलासोबत केलेलं नेटकं काम असतं, आणि परिषदेत भिंतीवर लावून समजावून सांगायच्या पोस्टरसाठी तेवढं पुरतं. समजा, नऊ वर्षांच्या मुलाला चित्रकार्ड देऊन मदत मागायला शिकवलं. त्याचा आलेख भिंतीवर लागला की जाणकार पाहुणा पहिला प्रश्न बेसलाइनचा, म्हणजे उपाय सुरू होण्याआधीच्या नोंदींचा विचारतो. विद्यार्थ्यांच्या आलेखात तिथे बहुधा दोनच बिंदू असतात, आणि दोन बिंदूंवरून कल कळत नाही. मूल आधीपासूनच सुधारत होतं की काय, हे सांगता येत नाही. किमान तीन, शक्यतो पाच नोंदी हव्यात. बेसलाइन संपून उपाय सुरू होतो तिथे उभी रेघ मारायची आणि दोन्ही बाजूंचे बिंदू एकमेकांना जोडायचे नाहीत.

पुढचा प्रश्न: नोंदी एकट्यानेच घेतल्या का? निदान २० टक्के सत्रांत दुसऱ्या निरीक्षकाने स्वतंत्र नोंद करायला हवी. जुळलेल्या नोंदींना एकूण नोंदींनी भागून शंभरने गुणायचं. उत्तर ८० टक्क्यांच्या खाली आलं, तर ‘मदत मागणे’ म्हणजे नेमकं काय मोजायचं याची व्याख्याच सैल राहिली असं समजायचं. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. सुधारणा कार्डामुळेच झाली कशावरून? त्याच आठवड्यात वर्गात मदतनीस आली असेल तर? एकाच बदलावरून हे सिद्ध होत नाही. म्हणून तीन मुलांवर किंवा तीन कृतींवर, वेगवेगळ्या वेळी सुरुवात करून, तोच परिणाम दाखवावा लागतो. हे पाठ्यपुस्तकात असतंच, पण आपल्याच आलेखासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं की पुढचा प्रकल्प वेगळ्या तयारीने आखला जातो.

तयारीचं थोडं: मोठ्या परिषदांत गोषवारा सहा महिने किंवा त्याहून आधी मागवतात, त्यामुळे तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच बघून ठेवा. पोस्टर साधारण ए-शून्य आकाराचं, म्हणजे ८४ बाय ११९ सेंटीमीटर. फलक उभा की आडवा, हे छापण्याआधी विचारा. मजकूर २४ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि आलेख सगळ्यात मोठा. मुलाचा फोटो नकोच. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली तरी शाळेचा गणवेश ओळख सांगतो. पालकांची लेखी संमती पोस्टरसाठी वेगळी घ्यायची, सराव पाठांची संमती इथे चालत नाही.

‘विक्रेते आणि भोंदू उपाय’

असतात, आणि व्यासपीठावरही असतात. १९९० च्या सुमारास ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ असंच पसरलं. न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात धरायचा आणि तिला अक्षरफलकावर लिहू द्यायचं, अशी पद्धत. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं, तर फलकावर आलं ते हात धरणाऱ्याला दिसलेलं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९९४ साली ठराव करून या पद्धतीला वैज्ञानिक आधार नसल्याचं सांगितलं. असले दावे फोनवरही पोचतात, आणि तिथे ‘तुलनेसाठी गट होता का?’ असं उठून विचारणारं कुणी नसतं. प्रश्न विचारायला शिकायचं तर जिथे विचारले जातात तिथे बसावं लागतं. प्रत्येक सत्रानंतर तीन ओळी लिहा: मुलं कोणत्या वयाची आणि कोणत्या अक्षमतेची, उपाय संशोधकाने केला की वर्गशिक्षकाने, आणि आठवड्याला किती मिनिटं. तिसऱ्या ओळीपाशी बऱ्याच चमकदार पद्धती गळतात, कारण तेवढा वेळ कुठल्याच वेळापत्रकात सापडत नाही.

‘नोकरी लागल्यावर जा’

तेव्हा रजा मिळेलच याची खात्री नाही आणि विद्यार्थी-सवलतीचं शुल्क नक्कीच नसतं. स्वयंसेवक म्हणून नोंदणीच्या टेबलावर काम केलं तर काही परिषदा शुल्क माफही करतात. अर्थात खर्च झेपत नसेल तर कर्ज काढून जाण्याइतकं हे मोठं नाही. आधी जवळची एक दिवसाची परिषद बघावी.

एका बाबतीत मात्र आम्ही त्या मजकुराच्या बाजूने आहोत. सराव पाठांत एखाद्या मुलासोबत उपाय नुकताच सुरू झाला असेल, तर त्या आठवड्यात जाऊ नका. नंतर गेलात तर मुलाला आधी सांगा. त्याच्या चित्र-वेळापत्रकात त्या दोन दिवसांवर तुमच्याऐवजी येणाऱ्या शिक्षिकेचा फोटो लावा, आणि आलेखात ते दिवस रिकामे ठेवा. अंदाजाने बिंदू भरू नका.