लातूरच्या सरांना उत्तर : हो, माझा पन्नासचा आकडा चुकला होता

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला आणि दुसऱ्यांदा बिल काढून बसले. इतरांसाठी थोडक्यात सांगते. नव्या स्मार्ट मीटरवर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळातल्या विजेला सूट मिळते, म्हणून घरातली कामं त्या वेळात करा असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं. दिवसा लाइट वापरून बिल कमी करा हे सांगायला सोपंय, पण नवरा-बायको दोघं नोकरीवर असले तर दिवसा घरात वापरणार कोण, पाल? शिवाय युनिटला 80 पैसे सूट म्हणजे चहाचंही निघत नाही, पुढं संध्याकाळचा दर वाढवणार आणि 101वं युनिट पडलं की अख्खं बिल वरच्या दराने येतं त्याचं काय. शेवटी "ताई, तुम्ही नव्या मीटरची जाहिरात करायलात का?" असंही विचारलंय.

जाहिरात नाही हो करायले, मीटर बदलायला माणूस आला तेव्हा दारात अर्धा तास हुज्जत घालणारी मीच होते. पण आकड्यात तुम्ही मला पकडलंत हे खरं. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की वेळा बदलून महिन्याला पन्नास रुपये वाचले. बिलात सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळातले 62 युनिट होते, त्याची सूट 49 रुपये 60 पैसे, आणि मी खुश. पण मी काहीच केलं नसतं तरी त्या वेळात 41 युनिट पडलेच असते की, फ्रिज आहे, कूलर आहे, सासूबाईंचा टीव्ही आहे. म्हणजे मी स्वतः सरकवले फक्त 21 युनिट. 21 गुणिले 80 पैसे, 16 रुपये 80 पैसे. महिनाभर घड्याळाकडं बघत बसले त्याची ही कमाई.

त्या 21 मधले 15 एकट्या मोटरचे. आमच्याकडं परभणीत नळाला पाणी काही रोज येत नाही आणि येतं तेव्हा रात्री दोनलाही येतं, हे तुम्हा लातूरकरांना काय सांगायचं, तुम्ही तर 2016 ला रेल्वेचं पाणी प्यायलेले लोक. तर पाणी कधी हौदात येणार ते आपल्या हातात नाही, पण हौदातून वरच्या टाकीत कधी चढवायचं ते आहे. आधी आम्ही ती मोटर सकाळी सहाला लावायचो, आता अकराला लावतो, एक एचपीची मोटर, रोज चाळीस मिनिटं, अर्धा युनिट. बाकी वॉशिंग मशीन आणि घरघंटी मिळून महिन्याला सहा युनिट. ज्वारीचं पीठ दळून ठेवलं की भाकरी थापताना चिरते म्हणून आमच्याकडं आठवड्यातून दोनदा दळण असतं, ते आधी रात्रीच्या जेवणानंतर चालायचं आणि शेजारीण वैतागायची, आता दुपारी चालतं. त्या दळणाचे वाचतात अडीच रुपये आणि शेजारणीची झोप.

तुम्ही दोघं बाहेर असता त्यावर काहीजणांनी खाली प्रतिक्रियांत मोटरला टायमर लावा असं लिहिलंय. सर, जपून. आम्ही लावला होता. हौद रिकामा होता, टायमरला ते कळत नाही, मोटर कोरडी फिरली आणि जळली, वाइंडिंगला बाराशे गेले. सोळा रुपयांच्या हिशेबाने ते फिटायला सहा वर्षं लागतील. टायमर लावायचाच असेल तर हौदात पाणी नसेल तेव्हा मोटर बंद करणारा लेव्हल कंट्रोलर आधी बसवा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी टाकी भरा आणि विषय सोडा.

आता संध्याकाळच्या दराचं. तुमची भीती अगदीच हवेतली नाही. केंद्राचे 2023 चे नियम आहेत त्यात दिवसा, म्हणजे सोलरच्या वेळात, दर किमान 20 टक्के कमी आणि गर्दीच्या वेळी किमान 10 ते 20 टक्के जास्त असं धरलेलंच आहे. पण आपल्याकडं 1 जुलै 2025 पासून घरगुती बिलात जे आलं ती फक्त सूट आहे, माझ्या एकाही बिलात संध्याकाळचा जादा आकार नाही. तो भुर्दंड कारखान्यांना बसतो. पुढं घरांना लावला तर मी तुमच्याआधी ओरडेन. आणि ही सूट कुणी उपकार म्हणून देत नाहीये, दुपारी सोलरची वीज भरपूर असते आणि संध्याकाळी सात वाजता सगळ्यांच्या घरी एकदम दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात तेव्हा सूर्य नसतो, महाग वीज आणावी लागते, म्हणून आपल्याला दुपारकडं ढकलायलेत. शेतीच्या फीडरलाही, म्हणजे शेताला वीज देणाऱ्या लाइनलाही, सोलर लावून दिवसा लाइट द्यायचं चाललंय ते याच्यामुळंच. माझे वडील रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचे, साप-विंचवाचं भ्या वेगळंच, त्यामुळं दिवसाच्या लाइटीला मी मनातून नावं ठेवू शकत नाही, हे माझं थोडं एकतर्फी होतं, कबूल.

पण 101व्या युनिटचं तुम्ही चुकलात सर, आणि ही चूक इतके लोक करतात की त्याच्यावर मला जरा लांब बोलायचंय. 101वं युनिट पडलं तरी पहिली 100 खालच्याच दराने लागतात, वरचा दर फक्त 100 च्या पुढच्या युनिटांना. बिलाच्या मागं टप्पे वेगवेगळे छापलेले असतात, बघा एकदा. मात्र तो वरचा दर खालच्याच्या दुपटीच्या आसपास आहे, वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणायचा आकार, धरून युनिटला दहा रुपयांच्या वर जातो आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क. आता गंमत बघा. माझं बिल 160 युनिटचं. त्यातलं एक युनिट दुपारी सरकवलं तर 80 पैसे. तेच युनिट वापरलंच नाही तर दहाच्या वर. म्हणजे एक युनिट वाचवणं हे बारा युनिट सरकवण्याच्या बरोबरीचं, आणि मी वेडी महिनाभर सरकवत बसले.

हे मला कळलं तेही त्या नव्या मीटरमुळंच, ॲपवर तासातासाचा वापर दिसतो. रात्री तीन वाजता सगळे ढाराढूर झोपलेले आणि तरी तासाला जवळपास पाव युनिट जायचं. शोधलं तर दोन जुने पंखे, 75 वॅटचे. ते काढून 30 वॅटवाले बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे लावले. पंख्यामागं 45 वॅट, रात्रीचे दहा तास, तीस दिवस, साडेतेरा युनिट. दोन पंख्यांचे 27. अडीचशे रुपयांच्या वरच वाचले, आणि तेही रात्रीच्या वापरात जिथं सूट-बिट काही नाही. पंखा अडीच-तीन हजाराचा, आपल्याकडं पंखा आठ-नऊ महिने चालतो, दोन उन्हाळ्यांत पैसे वसूल. तुमच्यासारख्या दोघं नोकरीवाल्या घराला माझा सल्ला हाच, घड्याळ सोडा, पंखे बघा. दिवसा घरात माणसं असतील, म्हातारं माणूस असेल, कूलर दुपारभर चालत असेल, त्यांना सूट आपोआप मिळतेच, 200 वॅटचा कूलर आठ तास चालला तर महिन्याचे 38 रुपये काही न करता. त्यासाठी पोस्ट लिहायची गरज नव्हती खरं तर.

नवं मीटर पळतंय असं ज्यांना वाटतं त्यांनी लेखी अर्ज देऊन चेक मीटर, म्हणजे पडताळणीसाठी लावायचं दुसरं मीटर, मागावं आणि पोच घ्यावी, तोंडी बोलून काही होत नाही, हे मी स्वतः करून थकलेय.

मागच्या पोस्टमधला पन्नासचा आकडा खोडून 16 रुपये 80 पैसे केलाय. नवरा म्हणतोय, मग त्या पोस्टचं "बिल झटक्यात कमी करा" हे शीर्षक पण बदल की.