घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असं म्हणू नका

मागच्या मार्चमधली रात्र. दीड वाजला असेल. मी अंधारात उठून बसले होते आणि मोबाईलवर सेकंद मोजत होते. शेजारी हे घोरत होते आणि घोरता घोरता एकदम गप्प झाले. छाती-पोट हलत होतं, पण नाकाशी हात धरला तर वारा नाही. १२, १८, २५... ३६व्या सेकंदाला घशातून मोठा खरखराट झाला, सगळं अंग दचकलं, कूस बदलली आणि घोरणं परत सुरू. यांना काही पत्ता नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

लग्नाला २२ वर्षं झाली. इतकी वर्षं घोरण्यावर घरात हसणंच झालं. कार्यात पाहुणे एका खोलीत झोपले की सकाळी चहाला तोच विषय. "ट्रॅक्टर चालू होता रात्रभर!" मीही हसले आहे. आता आठवलं की पोटात कालवतं.

यांचं वजन तेव्हा १०४ किलो, उंची साडेपाच फूट. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबायचे, पिशवी खाली ठेवायचे. लोक म्हणायचे, "सुटलात हो, जरा हालचाल करा." सकाळी डोकं जड, दुपारी टेबलावर पेंग, आणि बीपीच्या दोन गोळ्या चालू असूनही बीपी वरच. एका दवाखान्यात दमा म्हणून वर्षभर पंप दिला. नळीत फुंकायला लावून फुप्फुसं तपासणं ही साधी गोष्ट, तीसुद्धा केली नाही. आणि झोप कशी लागते, हे त्या वर्षभरात एकदाही विचारलं नाही. याचा मला अजून राग आहे.

शेवटी छातीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. माणूस आडवा झाला की पोटातली चरबी श्वासपटलाला, म्हणजे फुप्फुसांखालच्या स्नायूच्या पडद्याला, वर ढकलते. फुप्फुसांना खाली पसरायला जागा उरत नाही. छातीवरही ओझं, त्यामुळे साधा श्वास ओढायलाही स्नायूंना जास्त कष्ट. म्हणून यांना तीन उशा लागत होत्या! शिवाय चरबी गळ्याभोवती, जिभेतसुद्धा साठते. जागेपणी स्नायू श्वासाची वाट उघडी धरून ठेवतात, झोपेत ते सैल पडले की वाट मिटते. ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून उठवतो, श्वास सुटतो. स्लीप एपनिया. आमच्याकडे बरेच जण हे नाव पहिल्यांदा २०२२ मध्ये, बप्पी लाहिरी गेले तेव्हा ऐकलं असं सांगतात.

घरीच तपासणी झाली. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. रिपोर्टमध्ये तासाला ४३ वेळा श्वास अडकलेला. ३०च्या वर गेलं की तीव्र धरतात. रक्तातला ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरलेला. म्हणजे माझा नवरा वर्षानुवर्षं झोपलाच नव्हता.

मला जे कळकळीने सांगायचंय ते इथे आहे. "वजन कमी करा" हे बरोबरच आहे. वजन उतरलं की श्वासाची वाट मोकळी होते, हे आम्ही घरात बघतोय. पण ज्याची झोप रात्री तासाला ४३ वेळा मोडते, त्याला पहाटे पाचला चालायला जा म्हणणं हा अन्याय आहे. अंगात त्राणच नसतं, आणि झोप अपुरी असली की भूकही जास्त लागते. त्याला आळशी ठरवून आपण मोकळे होतो.

आमच्याकडे आधी मशीन आलं. मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं, सीपॅप म्हणतात ते. सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत काढली आणि १९८१ मध्ये जगासमोर मांडली. पहिले दहा दिवस हे मास्क ओरबाडून काढायचे. अकराव्या सकाळी उठून म्हणाले, "डोकं दुखत नाहीये गं." चालणं त्यानंतर सुरू झालं. आज वजन ९३ आहे, आणि दुसऱ्या मजल्यावर पिशवी खाली ठेवावी लागत नाही.

सगळेच जाडे लोक असे नसतात, आणि बारीक माणसालाही हे होतं. पण वजन जास्त, घोरणं मोठं आणि दिवसा पेंग, हे तिन्ही दिसलं तर थांबू नका.

माझ्या नणंदेचा मुलगा १२ वर्षांचा आहे. गुटगुटीत. तोंड उघडं टाकून घोरतो, वर्गात झोपतो. सगळे म्हणतात, खात्यापित्या घरचा आहे. दिवाळीत मी तिच्याकडे विषय काढला तर वन्सं रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. उद्या परत फोन करणार आहे.