मिनी टेनिस फक्त पोरांचं नाही

‘छोट्या कोर्टवर संथ लाल चेंडूने खेळायचं मिनी टेनिस दहा वर्षांखालच्या मुलांसाठीच; मोठ्यांनी खेळलं तर हात, म्हणजे फटका मारायची सवय, बिघडतो’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

गोंधळ कुठून झाला ते कळतं. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू बंद केला. पण ते बंधन स्पर्धांपुरतं. त्याच महासंघाने २००७ मध्ये सुरू केलेली संथ चेंडूंची मोहीम नवशिक्या मोठ्या माणसांसाठीही होती.

आणि हात बिघडण्याचं म्हणाल, तर उलटंच घडतं. पिवळा चेंडू नवशिक्याच्या पार खांद्यापर्यंत उसळतो, मग तो गडबडून रॅकेट कशीही फिरवतो. लाल चेंडू पिवळ्याहून सुमारे ७५ टक्के संथ. टप्पा पडून कमरेजवळ येतो. रॅकेट मागे न्यायला, पाय नीट रोवायला वेळ मिळतो. कोर्ट २३.७७ मीटरऐवजी साधारण ११ मीटर लांब, जाळी ८० सेंटिमीटर. पहिल्याच दिवशी आठ-दहा फटक्यांची रॅली जमू शकते, आणि खरी गोडी तिथेच लागते!

चेंडू मात्र लालच घ्या. हवा गेलेला जुना पिवळा चेंडू त्याच्या जागी चालत नाही, तो नीट उसळत नाही.